एकच हात

क्लबातनं फोन आला: पाटीवरचं एक नाव बदलायचंय.
मी विचारलं, अक्षरं किती?
पेंटरला आधी तेवढंच विचारावं लागतं.

शेंडा पार्काच्या पुढं, जिथं माळ
हिरवं दिसायला पाणी विकत घेतो, तिथला हा कोर्स.
भोकं नऊच. अठरा मोजायची
तर तीच वाट दोनदा चालायची.
पिशवीत टर्पेंटाइन, सोनेरी रंग, दोन ब्रश,
खिशात बारीक पॉलिश पेपर.

मी तालमीच्या भिंतींवर गदा काढल्यात,
दूध संघाच्या टँकरवर म्हशी,
निवडणुकीत एकाच भिंतीवर आठवड्यात तीन पक्ष.
पण ही पाटी उलटी.
आमच्याकडं पोरगं जोर मारतं, आकडा चढत जातो,
वस्ताद मोजत बसतात, पाचशे, हजार.
इथं ज्यानं कमी मारले तो मोठा.
हे मला बाबांनी सांगितलेलं, शाळेत असताना.
तेव्हा वाटलं, चेष्टा करतायत.

सागवानी पाटी. वर वर्षांच्या ओळी,
कनिष्ठ हौशी गट, विजेते, एकाखाली एक;
मधली दोन वर्षं कोरी,
सगळं जग घरात बसलेलं तेव्हाची.
आणि खाली, चौकटीत, एकटीच एक ओळ:
पंधराच्या आतले, एका फेरीत सर्वांत कमी फटके,
धैर्यशील सरनोबत, अडुसष्ट, १९९१.

ती ओळ बाबांच्या हातची.
चपलेचा अंगठा वळावा तशी 'ध'ची गाठ,
रफार म्हणजे विळ्याचं पातं.
आता तिथं यायचं होतं: रेवा नेजदार, सदुसष्ट.
एकही जोडाक्षर नाही.
नऊ अक्षरं जाऊन सहा.
इथंही कमीच जिंकलं.

स्टूल डुगडुगत होतं. कुणीतरी येऊन धरलं.
सत्तेचाळीसचा माणूस, मोटारपंपांचं दुकान,
शर्टावर ग्रीसचा डाग. म्हणाला, मीच सरनोबत.
माझ्या हातातला पेपर थांबला.
"पुसा पुसा," तो म्हणाला.
"शेवटून दुसऱ्या भोकाला, हातभर अंतरावरनं
माझा चेंडू काठावर येऊन थांबला होता.
इतकी वर्षं रोज रात्री थांबतोय.
परवा तिचा त्याच भोकात टपकन पडला,
आणि मला झोप लागली बघा."

मग तोच म्हणाला, द्या इकडं थोडा पेपर.
त्यानं आडनाव घासलं, मी नाव.
सोनेरी धूळ त्याच्या मनगटावर, माझ्या भुवयांवर.
'त' गेला, 'ब' गेला.
इकडं 'ल', 'शी', मग रफार.
'ध'पाशी मी आलो
आणि उगीच चष्मा पुसायला घेतला.
त्यानं काही विचारलं नाही.
स्टूल मात्र दोन्ही हातांनी धरलं.

चारच्या सुमाराला ती आली, शाळेच्या ड्रेसात,
बापाच्या मागनं. बाप इथंच गवत कापायच्या मशीनवर.
अर्धं नाव ओलं होतं.
तिनं ते वाचलं नाही, मान तिरकी करून
उन्हात लाकूड बघितलं.
"काका, खाली अजून कायतरी दिसतंय."
दिसणारच, मी म्हटलं. सागवान विसरत नाही.
"आणि हा रंग किती वर्षं टिकतो?"
दोन हात दिले तर तीस.
तिनं बोटांवर मोजलं. चौदा आणि तीस.
"एवढी?" असं म्हणाली,
जणू कुणी शिक्षा सुनावली.

मग पटर घेऊन पळाली. बाहेर टक्, टक्,
चेंडू आत जात होते किंवा जात नव्हते,
खिडकीतनं कळत नव्हतं.

सेक्रेटरींनी लांबूनच बघितलं, म्हणाले, झकास.
मी डबा बंद केला. दुसरा हात दिला नाही.
उद्या कुणीतरी येईल पेपर घेऊन,
त्याच्या मनगटाला जरा सोपं जावं.
बिलात एकच हात लावला.
विचारलं असतं तर सांगणार होतो,
रंग संपला.